मुकी डबी

गावातल्या निम्म्या घरांतली हवा थंडोपंतांच्या हातची होती. उन्हाळ्यात गार राहा आणि हिवाळ्यात गरम राहा, असं निसर्गाच्या उलट वागायला घरांना शिकवणं हा त्यांचा धंदा. पोटमाळ्यावर यंत्र बसवायचं, तिथून पत्र्याच्या नळ्या खोल्याखोल्यांत उतरवायच्या आणि भिंतीवर थर्मोस्टॅटची गोल डबी लावायची. डबीवरचा काटा फिरवला की घर हुकूम ऐकतं. पुढे जन्मभर त्या यंत्राच्या जाळ्या धुवायच्या, मोटारीला तेल द्यायचं, गॅस भरायचा आणि घरमालकाला गंभीर चेहऱ्यानं सांगायचं, "वेळेवर बोलावलंत म्हणून वाचलं." त्यांचं खरं नाव बिलावर छापलेलं असे, पण बिलावरचं नाव वाचतो कोण? सगळ्यांची नजर खालच्या आकड्यावर. त्यामुळे कुणीतरी गमतीनं म्हटलेलं थंडोपंत हेच नाव त्यांना चिकटलं.

थंडोपंतांना स्वतःला मात्र बाराही महिने उकडत असे. देवानं त्यांना घडवलं आणि भट्टी बंद करायला तो विसरला. भर हिवाळ्यात लोक कानटोप्या घालून शेकत बसत तेव्हा हे बनियनवर वर्तमानपत्रानं वारा घेत. पोट असं, की लोकांच्या पोटमाळ्याच्या झडपेत ते दोनदा अडकले होते, आणि दोन्ही वेळा झडपच चुकीच्या मापाची आहे असा निकाल देऊन खाली उतरले होते.

हाताला मात्र शिस्त होती. वायर जोडली की तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळायची, ती कात्रीनं सरळ कापायची आणि शेवटचं टोक चिमटीत धरून दुमडून ठेवायचं. "आपल्यामागून येणाऱ्याला नखानं उकरत बसायला लागू नये," असं ते म्हणत. खरं म्हणजे आपल्यामागून कुणी यावं ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे, पण दुमडलेलं टोक दिसायला झकास दिसे.

त्यांच्या भागीदाराला सगळे पक्कड म्हणत, कारण त्याचं तोंड एकदा मिटलं की उघडायला हत्यार लागे. पक्कडचं काम चोख, पण चिकटपट्टी तो दातानं तोडी. "अरे, जोडणी आहे की उंदरानं कुरतडलेली सुतळी?" थंडोपंत ओरडत. पक्कड ओठाला चिकटलेला तुकडा थुंकून "बरं" म्हणे आणि पुढची पट्टी पुन्हा दातानंच तोडी. भागीदारीतलं सगळं भांडण या एवढ्याशा गोष्टीवर भागलं, हे दोघांचंही नशीब.

पण थंडोपंतांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे मुकी डबी. तिचा शोध एका कचेरीत लागला. तिथे खिडकीजवळच्या बाईंना थंडी वाजायची, दाराजवळच्या हेडक्लार्कना उकडायचं, आणि दिवसभर कुणी ना कुणी उठून काटा फिरवायचं. एकदा गार, एकदा गरम, यंत्र बिचारं गांगरून बंद पडायचं. वैतागून थंडोपंतांनी खरा थर्मोस्टॅट सामानाच्या खोलीत हलवला आणि बाईंच्या टेबलामागे एक, हेडक्लार्कच्या टेबलामागे एक अशा दोन नव्या डब्या ठोकल्या. डब्या झकपक, काटा फिरवला की टक् असा आवाजही करणाऱ्या. फक्त त्यांच्यामागे वायर नव्हती. नुसती भिंत होती.

पुढच्या खेपेला बाई त्यांना जिन्यातच भेटल्या. "आता कसं अगदी माझ्या मनासारखं झालं हो," त्या म्हणाल्या. हेडक्लार्कनी तर खुर्चीतून उठून हात मिळवला.

झालं, थंडोपंतांना चटक लागली. मग त्यांनी घराघरांतही मुक्या डब्या बसवायला सुरुवात केली. कुठे नवऱ्यानं डोळा मारून बायकोसाठी बसवून घेतली, कुठे बायकोनं नवऱ्यासाठी, आणि एका घरात तर दोघांनी गुपचूप एकमेकांसाठी. चहाच्या दुकानात बसून ते या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत. "माणसाला गारवा नको असतो रे," बशीत चहा ओतत ते म्हणत, "त्याला फिरवायला काटा हवा असतो. काटा फिरवला, टक् झालं, की अर्धा जीव तिथंच गार. आणि शिकलेसवरलेले लोक हे! मागे वायर आहे का, एवढं बघायची अक्कल एकालाही नाही." असं म्हणून ते पोट हलेस्तोवर हसत. आपण सोडून सगळं जग खुळं आहे, या विचारानं माणसाला जो गारवा मिळतो तो कुठल्याच यंत्रातून मिळत नाही.

आणि अशा माणसाचा हात शेवटी स्वतःच्या घराकडे वळतोच.

घरी त्यांचं आणि बायकोचं सगळ्या बाबतींत पटे, फक्त तापमानावरून नाही. ती बारीक, काटक आणि उन्हाळ्यातही खांद्यावर शाल. ते बाहेर गेले की ती काटा वर सरकवी, ते आले की खाली. "अहो, मी माणूस आहे, बर्फात ठेवायची मासळी नाही," ती म्हणे. "अगं, मग मी काय भट्टीत भाजायचा पाव आहे?" ते म्हणत. रोज हेच. शेजारी घड्याळाऐवजी यांच्या भांडणावरून वेळ ओळखत.

एका वर्षी तिच्या वाढदिवसाला थंडोपंतांनी भेट म्हणून खास तिच्यासाठी नवा थर्मोस्टॅट आणला. पांढरा, सोनेरी कडेचा. बैठकीच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर तो दिमाखात बसवून दिला. "जुना गेला मोडीत. आजपासून घराचा काटा तुझ्या हातात," ते म्हणाले. जुना अर्थातच मोडीत गेला नव्हता. तो निजायच्या खोलीतल्या कपाटात, त्यांच्या लोकरी कोटांच्या मागे, यंत्राच्या वायरीसकट सुखरूप होता. हे काम त्यांनी पक्कडलाही न सांगता, बायको बाजारात गेलेली असताना एकट्यानं उरकलं होतं. तिच्या सोनेरी डबीमागे नुसती भिंत होती.

बायको हरखून गेली. येईल त्याला ती डबी दाखवी. "ह्यांनी खास माझ्यासाठी बसवलाय," असं नणंदेला तर दोनदा ऐकवलं. तेव्हा थंडोपंतांच्या पोटात काहीतरी खुपलं. पण ते गॅसमुळे असेल, असं ठरवून त्यांनी ओवा खाल्ला.

पुढची सगळी वर्षं घरात शांतता नांदली. उकडायला लागलं की थंडोपंत "रुमाल बघतो जरा" म्हणून उठत. कपाटाचं दार कर्रर्र करून उघडे, कारण गावभर तेल घालत हिंडणाऱ्या या माणसानं घरच्या बिजागरीला कधी थेंब दिला नव्हता. दिव्याखाली अंधार असायचाच. मग कोटांच्या मागे हात घालून काटा खाली. टक्. हात हलवत परत येऊन ते आपल्या खुर्चीत बसत, आणि थोड्या वेळानं वरच्या जाळीतून गार झुळूक येई. बायको आपली शाल सारखी करून विणत असे. साप मेला होता आणि काठी शाबूत होती.

भीती एकच होती. कधीतरी पितळ उघडं पडलं तर? ती भांडली असती तर त्यांना चाललं असतं, भांडणात ते तयार होते. पण ती भांडणारी नव्हती, ती अबोला धरणारी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाचा पंखा चालू करण्यासाठी थंडोपंतांनी तिच्या शिलाई मशीनची मोटार न विचारता काढून नेली होती. ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. नंतरही बोलली नाही. पुढचा अख्खा हिवाळा ती भांड्याकुंड्यांशी बोलत होती. "आमटीत मीठ कमी असेल तर सांगायचं म्हणावं," असं ती पातेल्याला सांगे, आणि थंडोपंत पातेल्याकडे बघून "बरोबर आहे" म्हणत. त्या हिवाळ्यात घरातलं यंत्र उत्तम चालू होतं आणि तरी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा थंडी वाजली होती. दिवसभर ते गावाशी बडबडत, पण ती सगळी बडबड रात्रीच्या जेवणाला तिला सांगायची म्हणूनच साठवलेली असे. या वयात तसा हिवाळा पुन्हा आला तर आपण त्यातून उठणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोटार परवडली. हे तर वाढदिवसाच्या भेटीत केलेलं कपट.

म्हणूनच थंडोपंतांच्या घरातलं यंत्र कधी बदललं गेलं नाही. साऱ्या गावाला ते नवीन यंत्रं विकत, "जुन्यात जीव अडकवू नका, वीज खातं ते," असं समजावत, आणि त्यांच्या स्वतःच्या पोटमाळ्यावर संग्रहालयात ठेवावं असं धूड घरघरत असे. नवं यंत्र बसवायचं तर सगळ्या वायरी ओढून काढायच्या, सगळ्या डब्या उघडायच्या. त्यापेक्षा त्यांनी त्या धुडाचा एकेक अवयव बदलत त्याला जिवंत ठेवलं. लोक म्हणत, थंडोपंत चिकट आहेत. थंडोपंत तेही ऐकून घेत.

यंत्राला अलीकडे एक विचित्र दुखणं जडलं होतं. त्याला हुकूम उशिरा कळे. पूर्वी कपाटातला काटा फिरवून ते खुर्चीत टेकेपर्यंत झुळूक सुरू होई. आता वर्तमानपत्रात डोकं घालून एक पान वाचून झालं तरी वर सामसूम. थंडोपंतांनी मोटार सोडवून वंगण भरलं, जाळ्या घासल्या, वरच्या जोडण्या नव्यानं केल्या. उशीर होई तो होईच. "म्हातारपण, दुसरं काय," असं म्हणून त्यांनी नाद सोडला. यंत्र, कपाटाचं दार आणि बायकोचे गुडघे, तिन्ही एकदमच कुरकुरायला लागली होती.

शिवाय ते यंत्र नाठाळ होतं. बायको चार दिवस बहिणीकडे गेली की हटकून रुसायचं. कपाटातला काटा तळाला नेला तरी हलायचं नाही. थंडोपंत पोटमाळ्यावर जाऊन त्याची आतडी बाहेर काढत, काही सापडत नसे, आणि बायको परत आली की स्वारी पुन्हा सुतासारखी सरळ. "तुझ्या माहेरचं दिसतंय हे," ते तिला म्हणत. ती हसे. कपाटातल्या डबीवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. ती जोडणी त्यांच्या स्वतःच्या हातची होती, पट्टीचं टोक दुमडलेली. तिच्यात खोट निघणं शक्यच नव्हतं.

मग डॉक्टरांनी त्यांची शिडी बंद केली आणि धंदा पक्कडकडे गेला. आणि लगेचच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, त्या धुडानं एक लांब उसासा टाकला आणि जळक्या वासासकट देह ठेवला.

थंडोपंत शिडीकडे धावले. बायकोनं शिडीचा पाय धरला.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरच्या घरचं यंत्र मीच बसवलंय. त्याला काय कळतंय?"

"खाली या. भावजींना फोन केलाय मी. उद्या सकाळी नवीन यंत्र घेऊन येताहेत."

पक्कडला ती भावजी म्हणे. थंडोपंतांची पाचावर धारण बसली. ते जरा वेळ पंख्याखाली बसले, मग गोड आवाजात म्हणाले, "अगं, तू आपली दोन दिवस बहिणीकडे जाऊन ये की. इथं उकाडा, धूळ, ठोकाठोकी..."

"मला उकाडा चालतो. तुम्हालाच सोसत नाही. तुम्ही जा."

"मी तुझ्या बहिणीकडे जाऊन काय करू?"

"तेच मी विचारतेय. मी तरी जाऊन काय करू?"

दुसरा बेत असा होता, की सकाळी ती आंघोळीला गेली की सोनेरी डबी उघडायची आणि तिच्यामागे वायरीचे दोन तुकडे कोंबून ठेवायचे. तुकडे त्यांनी उशीखाली तयार ठेवले होते. पण ते उठून चूळ भरतात तोवर बायको आंघोळ उरकून, नेमकी त्या डबीखाली खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. एवढे वाटाणे कशाला, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

पक्कड आला. थंडोपंतांनी त्याला जिन्यातच गाठलं.

"हे बघ, बैठकीतल्या डबीला हात लावू नकोस."

"बरं."

"नवीन बसव कुठेही. तिला हात नको."

"बरं."

"का ते विचारणार नाहीस?"

"नाही."

हा माणूस इतका गुणी कधीपासून झाला, असं थंडोपंतांना वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता. दोघं आत आले तशी बायको वाटाण्यांवरून नजर न काढता म्हणाली, "भावजी, आधी ही भिंतीवरचीच उघडा."

पक्कडनं एकदा थंडोपंतांकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, उघडूच?"

"उघडाच."

पक्कडनं पेचकस काढला. थंडोपंतांना दुसरं काही सुचेना. त्यांनी छातीवर हात दाबला आणि "आई गं, कळ आली" म्हणून कोचावर बसकण मारली.

"हृदय डावीकडे असतं," बायको म्हणाली.

थंडोपंतांनी हात डावीकडे नेला, पण तोवर उशीर झाला होता. डबीचं झाकण पक्कडच्या हातात होतं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. आता शांतता पसरणार, आणि ती वर्षानुवर्षं उठणार नाही. निदान पातेल्यांशी तरी तिनं नीट बोलावं, एवढंच त्यांनी मनात मागितलं.

"झाली का प्रार्थना?" बायको म्हणाली. "बघा आता."

त्यांनी डोळे उघडले. डबीमागे भिंत नव्हती. भिंतीला नीट भोक होतं आणि त्यातून एक वायर आली होती. जोडलेली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, चांगली जुनी, धूळ बसलेली. थंडोपंत उठले, चष्मा लावून जवळ गेले. पट्टीचं टोक दुमडलेलं नव्हतं. ते वाकडंतिकडं तुटलेलं होतं आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या.

त्यांनी पक्कडकडे पाहिलं. पक्कडनं छताकडे पाहिलं.

थंडोपंत निजायच्या खोलीत गेले. कर्रर्र करून कपाट उघडलं, कोट पलंगावर फेकले आणि पक्कडच्याच पेचकसानं आपली लाडकी डबी उघडली. आत वायरीची दोन टोकं होती, एकमेकांना न शिवणारी. दोन्हींवर पट्टी, दोन्ही पट्ट्या दातानं तोडलेल्या. गेली कित्येक वर्षं ते एका लाकडी फळीवर बसवलेला काटा फिरवत होते आणि त्यांना गार वाटत होतं. कचेरीतल्या बाईंना वाटलं होतं तसंच.

बायको दारात येऊन उभी होती. हातात अजून वाटाण्याची शेंग.

"तुम्ही ती बसवलीत ना, त्याच हिवाळ्यात तुम्ही त्या हॉटेलच्या कामाला चार दिवस बाहेरगावी गेला होतात," ती म्हणाली. "मी थंडीनं काकडून गेले. काटा पार टोकाला नेला तरी घर गरम होईना. वाटलं, यंत्र बिघडलं. भावजींना बोलावलं. त्यांनी डबी उघडली, तर मागे भिंत. आम्ही दोघं बघत राहिलो भिंतीकडे. मी विचारलं, मग खरी कुठाय? ते काही बोलेनात. मीच शोधली मग. तुमच्या कोटांमागे असणार, हे कळायला काय अक्कल लागते?"

"मग तू..."

"मग मला असा राग आला! म्हटलं, आता बोलायचंच नाही. या खेपेला जन्मभर नाही. भावजींना सांगितलं, माझी जोडा आणि ह्यांची तोडा, वर पोटमाळ्यावर खूण दिसू देऊ नका आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. तुम्ही आलात. मी तोंड घट्ट मिटून बसले होते. तुम्ही आलात ते थेट कपाटाकडे, कर्रर्र, टक्, आणि बाहेर येऊन खुर्चीत बसून म्हणालात, 'हां, आता कसं गार झालं!'" तिला ते आठवून पुन्हा हसू फुटलं. "काहीसुद्धा झालं नव्हतं हो! मला इतकं हसू आलं की मी स्वयंपाकघरात पळाले. हसल्यावर अबोला कसला धरायचा?"

दारामागे पक्कडच्या नाकातून एक आवाज आला. त्याचं हसणं ऐकायचा हा थंडोपंतांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

थंडोपंत पलंगावर, कोटांच्या ढिगावर बसले. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते. पण धंदा रक्तात होता, आणि एक गोष्ट हिशेबात बसत नव्हती.

"पण गार तर होत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी नसेल, पण नंतर होत होतं. मी काटा फिरवला की वर यंत्राचा आवाज बदलायचा. तो मला कळतो. त्यात मी फसायचो नाही."

"व्हायचंच की गार."

"वायर तोडलेली असताना?"

बायको शेंगेतला दाणा काढत म्हणाली, "दोन-तीन दिवस गेले तसे तुम्ही घामाघूम दिसायला लागलात. रात्री कूस बदलत पडायचात. माझ्याच्यानं बघवेना. मग तुमचं कपाट कुरकुरलं, की मी उठून माझा काटा खाली करायचे. तुमच्या बिजागरीला मी तेल घालू दिलं का कधी कुणाला?"

खोलीत खरंच खूप उकडत होतं. पण थंडोपंतांच्या अंगावर काटा आला.

"आणि ते रुसणं? तू बहिणीकडे गेलीस की?"

"मी इथं नसले तर कोण चालवणार?"

"आणि अलीकडे उशीर होतो तो? मी मोटार सोडवली, वंगण घातलं..."

"वंगण इथं घालायला हवं होतं," असं म्हणून तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "उठायला वेळ लागतो हो आता."

जगातल्या सगळ्या खुळ्यांवर थंडोपंत पोट धरधरून हसले होते, आणि इथे ही बाई शाल सावरत, गुडघे धरत, रोज स्वतःला थंडी वाजवून घ्यायला उठत होती. एवढं प्रेम आपल्यावर कुणी करत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. आलं असतं तर त्यांनी निदान तिची खुर्ची तरी जवळ सरकवली असती.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही काटा फिरवला असतात का? तुम्हाला काटा फिरवायचा असतो हो. टक् झालं की तुमचा अर्धा जीव गार होतो." ती सरळ चेहऱ्यानं म्हणाली. चहाच्या दुकानातलं सगळं घरी पोचत होतं, हेही त्यांना त्या दिवशीच कळलं.

दुपारपर्यंत पक्कडनं धूड उतरवलं आणि नवं यंत्र चढवलं. ते निम्म्या आकाराचं होतं आणि आवाज जवळजवळ नव्हताच. थंडोपंत शिडीच्या खाली उभे राहून नको असलेल्या सूचना देत होते. मग पक्कड नवी डबी घेऊन खाली आला. काट्याऐवजी काचेवर आकडे दाखवणारी.

"ही एकच. कुठे लावू?"

"लावा ह्यांच्या कपाटात," बायको म्हणाली. "होऊ दे त्यांच्या मनासारखं."

"हिच्या खुर्चीच्या हाताशी लाव," थंडोपंत म्हणाले. "बसल्या बसल्या बोट पोचलं पाहिजे. हिला उठायला लागलं तर भागीदारी मोडीन."

पक्कडनं खुर्चीवर बसून हात लांबवून बघितला, खूण केली, वायर ओढली. मग चिकटपट्टी गुंडाळली आणि सवयीनं दाताशी नेली. मध्येच थांबून त्यानं थंडोपंतांकडे पाहिलं.

"तोड, तोड," थंडोपंत म्हणाले. "तुझे दात शाबूत राहोत."

जाता जाता पक्कड कपाटातली जुनी डबी काढायला गेला, तर थंडोपंत आडवे आले. "ती राहू दे," ते म्हणाले. पक्कड म्हणाला, "बरं." बिजागरीला तेल घालू का, असं मात्र त्यानं विचारलं नाही. पक्कडला कळायचं तेवढं नेहमीच कळत असे.

संध्याकाळी ऊन भिंतींतून झिरपायला लागलं. बायको आपल्या खुर्चीत विणत होती. थंडोपंतांनी गळ्यावरचा घाम पुसला, वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि उठले.

"रुमाल बघतो जरा," ते म्हणाले.

कपाट कुरकुरलं. त्यांनी कोटांच्या मागे हात घातला आणि कुठेही न जोडलेला काटा खाली नेला. टक्. आणि दार लावायच्या आत, अजिबात उशीर न होता, वरच्या जाळीतून गार हवा त्यांच्या मानेवर उतरली.

"पुरे, का अजून?" बाहेरून बायकोनं विचारलं.

"अजून थोडं," थंडोपंत कोटांच्या आडूनच म्हणाले आणि खिसे चाचपायला लागले, कारण आज रुमाल खरोखरच लागणार होता.